मुसव्विर जंग राजा दीनदयाळ

'मुसव्विर' म्हणजे चित्रकार, हे तुम्हांला उर्दूमुळे माहीतच आहे. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी एका माणसाला 'राजा बहादूर मुसव्विर जंग' असा किताब दिला. पण या माणसाच्या हाती कुंचला नव्हता. त्याची चित्रे काचेवर उमटत. त्याचे नाव लाला दीनदयाळ.

दीनदयाळ यांचा जन्म 1844 साली मेरठजवळच्या सरधना गावी एका जैन जवाहिऱ्याच्या कुटुंबात झाला. रुडकीच्या थॉमसन कॉलेजात अभियांत्रिकी शिकून ते 1866 मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नकाशे काढायचे, खर्चाचा अंदाज करायचा, असे ते काम होते. 1874 च्या सुमारास त्यांना छायाचित्रणाचा छंद लागला. इंदूरचे महाराज तुकोजीराव होळकर आणि इंग्रज अधिकारी सर हेन्री डेली यांनी त्यांना उत्तेजन दिले.

मुलांनो, हा छंद सोपा नव्हता. त्या वेळी फिल्म नव्हती. छायाचित्रकार स्वच्छ काचेवर कलोडियन नावाचे चिकट द्रावण ओतत असे आणि काच चारी बाजूंना कलती करून ते सारखे पसरवत असे. मग अंधारात ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यात बुडवली, की तिच्यावर प्रकाशाने बदलणारा थर तयार होई. काच ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि ती वाळण्यापूर्वी पुन्हा अंधारात आणून रसायनाने धुवायची. या साऱ्याला दहा-पंधरा मिनिटे मिळत. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तेवढीही मिळत नसत, कारण कलोडियनमधले ईथर उष्णतेने भराभर उडून जाते. मे महिन्यात घाटकोपर-कुर्ल्याच्या पत्र्याच्या खोलीत दुपारी बसणाऱ्याला काळ्या तंबूतल्या त्या कामाची थोडीफार कल्पना येईल.

काचेवर चित्र उमटे ते उलट्या रंगांचे. आभाळ काळे दिसे आणि सावलीची जागा पारदर्शक राही. हीच निगेटिव्ह. तिच्याखाली खास कागद ठेवून उन्हात धरले की कागदावर खरे चित्र येई. चित्र मोठे हवे असेल तर काचही तेवढीच मोठी लागे. म्हणून प्रवासाला निघताना लाकडी कॅमेरा, तंबू, बाटल्या आणि जड काचा असा संसारच बरोबर न्यावा लागे. एक धक्का बसला की सगळी मेहनत फुकट!

1871 मध्ये इंग्लंडच्या डॉ. मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा थर असलेली कोरडी काच सुचवली. पुढे अशा काचा कारखान्यांत तयार होऊ लागल्या. आता तंबूची गरज उरली नाही. मात्र जिलेटिन गरम पाण्यात मऊ होते, त्यामुळे काचा धुताना थंड पाण्याची काळजी घ्यावीच लागे.

1882 मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्याबरोबर दीनदयाळ मध्य भारतात फिरले. ग्वाल्हेर, सांची येथील इमारतींची त्यांची चित्रे 1886 मध्ये ग्रंथरूपाने निघाली. इमारतीचा नकाशा वाचणारी त्यांची नजर या चित्रांत स्पष्ट दिसते. पुढे त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि सिकंदराबादला स्टुडिओ थाटला. निजामांच्या दरबाराचे ते छायाचित्रकार झाले. 1892 मध्ये त्यांनी हैदराबादला पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळा स्टुडिओ काढला आणि तेथले काम एका इंग्रज बाईंवर सोपवले. त्या काळाचा विचार करता ही मोठी गोष्ट होती.

राजेरजवाडे, शिकारी, मेजवान्या यांची चित्रे त्यांनी भरपूर काढली. त्यांनी वेरूळची लेणीही टिपली. पण मला विचाराल तर 1900 च्या सुमाराच्या दुष्काळात औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) भागातील मदतकार्याची त्यांनी घेतलेली चित्रे अधिक मोलाची आहेत. दरबारी माणसे चित्रासाठी सजून बसत; या उपाशी माणसांजवळ सजायला काही नव्हते.

1896 मध्ये दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ उघडला. पुढच्याच वर्षी राणी व्हिक्टोरियाने त्यांना राजछायाचित्रकाराचा मान दिला. 1904 मध्ये त्यांचा मुलगा धरमचंद वारला. 1905 च्या जुलै महिन्यात दीनदयाळ यांनीही मुंबईतच देह ठेवला.

त्यानंतर व्यवसाय ओसरत गेला. 1989 मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने त्यांच्या 2857 काचा विकत घेतल्या. 2006 मध्ये टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. आजही काही हौशी लोक बाजारात मिळणारे तयार द्रावण काचेवर पसरून घरी निगेटिव्ह करतात. दीनदयाळ यांच्या पुष्कळ चित्रांच्या तळाशी त्यांचे नाव आणि क्रमांक दिसतो. ती अक्षरे काचेवरच लिहिलेली असत, म्हणून प्रत्येक प्रतीबरोबर ती कागदावर उतरत.