अलेक्सी सेंट मार्टिन
तेंदूपत्त्याच्या हंगामात रानडुकराने पोट फाडलेला मजूर आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीला नवा नाही. असाच एक रानातला मजूर जगप्रसिद्ध झाला. तो म्हणजे कॅनडाचा निरक्षर नावाडी अलेक्सी. ६ जून १८२२ रोजी मॅकिनॅक बेटावर अगदी जवळून बंदूक सुटली व त्याच्या जठराला भोक पडले. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. लष्करी डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्याला वाचविले. जखम भरली, भोक मात्र राहिले. त्यातूनच बोमाँटनी पचनाचे दोनशेवर प्रयोग केले, १८३३ साली ग्रंथ लिहिला. प्रयोगाच्या करारावर अलेक्सीची नुसती फुली होती. तो १८८० मध्ये वारला. डॉक्टरांनी देह चिरू नये म्हणून घरच्यांनी त्याला खोल पुरले. जीव वाचविणाऱ्याचाही त्या जिवावर हक्क नसतो, हेच त्यांनी सांगितले.