ज्या फियाटनं नोकरी नाकारली, तिलाच निम्मी कंपनी विकणारा एन्झो फेरारी

२००२ साली सचिननं डॉन ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली आणि त्याला लाल रंगाची फेरारी भेट मिळाली. किल्ली द्यायला साक्षात मायकेल शूमाकर. पुढं त्या गाडीच्या इम्पोर्ट ड्युटीवरून राडा झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी ती ड्युटी फियाट कंपनीनं भरली.

आता फेरारीची ड्युटी फियाटनं का भरायची? आपल्याला फियाट माहितीये ती मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीमुळं. कुर्ल्याला बनणारी ती प्रीमियर पद्मिनी मुळात फियाटचीच गाडी. मग टॅक्सीवाली फियाट आणि करोडोंची फेरारी, यांचा संबंध काय?

याचं उत्तर सचिनच्या गाडीच्या नावातच आहे. त्या मॉडेलचं नाव होतं ३६० मोदेना. मोदेना हे उत्तर इटलीतलं एक शहर. १८९८ च्या फेब्रुवारीत तिथं एन्झो फेरारीचा जन्म झाला. घरच्यांच्या म्हणण्यानुसार त्या दिवशी इतका बर्फ पडला होता की जन्माची नोंद करायलाच दोन दिवस उशीर झाला.

एन्झोच्या वडिलांचं छोटंसं वर्कशॉप होतं. रेल्वेला लागणारं लोखंडी काम तिथं व्हायचं. एन्झो दहा वर्षांचा असताना वडील त्याला आणि मोठ्या भावाला बोलोन्याला कारची रेस बघायला घेऊन गेले. ती रेस फियाटच्या फेलिचे नाझ्झारोनं जिंकली आणि पोराच्या डोक्यात गाडी बसली ती कायमची.

पण १९१६ साली वडील गेले आणि त्याच वर्षी भाऊही गेला. वर्कशॉप बसलं. महायुद्ध सुरूच होतं. एन्झो सैन्यात भरती झाला आणि त्याच्या वाट्याला काम आलं खेचरांना नाल ठोकण्याचं. तिथं तो इतका आजारी पडला की सैन्यानं त्याला घरी पाठवून दिलं.

१९१८ च्या हिवाळ्यात आपल्या कर्नलचं शिफारसपत्र घेऊन हा वीस वर्षांचा पोरगा तुरिनला फियाटच्या दारात उभा राहिला. युद्धावरून परतलेले हजारो जण तेव्हा नोकरी शोधत होते. फियाटनं नाही म्हणून सांगितलं. एन्झो बाहेर पडला, तुरिनच्या व्हॅलेंटिनो पार्कमधल्या एका बाकावर बसला आणि रडला. ही गोष्ट त्यानं स्वतःच पुढं लिहून ठेवली. तो बाक लक्षात ठेवा, परत येणार आहे.

मग इकडं तिकडं कामं करत १९२० साली तो अल्फा रोमिओत ड्रायव्हर म्हणून लागला. ड्रायव्हर बरा होता, पण पहिल्या फळीतला नव्हता आणि हे त्यालाही कळत होतं. त्याचं खरं कसब वेगळंच होतं. चांगला इंजिनियर कुठं आहे, त्याला कसं फोडून आणायचं, कुठल्या ड्रायव्हरला काय बोललं की तो जीव तोडून गाडी पळवेल, ही माणसं हेरायची नजर त्याच्याकडं होती.

फेरारीचा तो उधळलेला घोडाही याच काळात त्याला मिळाला. १९२३ साली राव्हेन्नाजवळ त्यानं एक रेस जिंकली. तिथं त्याची ओळख फ्रान्चेस्को बाराक्का या वैमानिकाच्या वडिलांशी झाली. पहिल्या महायुद्धात शत्रूची ३४ विमानं पाडलेला बाराक्का १९१८ ला मारला गेला होता. त्याच्या विमानावर हा घोडा रंगवलेला असायचा. हे चिन्ह गाडीवर लाव, नशीब उघडेल, असं त्याच्या आईनं एन्झोला सुचवलं. घोडा काळाच ठेवून एन्झोनं मागं पिवळा रंग टाकला, कारण तो मोदेनाचा रंग.

१९२९ ला त्यानं स्कुदेरिया फेरारी ही स्वतःची रेसिंग टीम काढली. इथं एक गंमत आहे, या टीमकडं स्वतःची एकही गाडी नव्हती. गाड्या अल्फा रोमिओच्या आणि एन्झो त्या रेसमध्ये उतरवायचा. ज्या श्रीमंतांना रेस खेळायची हौस आहे त्यांना गाडी, मेकॅनिक आणि बाकी सगळी व्यवस्था द्यायची, टायर आणि ऑइल कंपन्यांकडून पैसे घ्यायचे. आज ज्याला आपण स्पॉन्सरशिप म्हणतो, तो धंदा हा माणूस तेव्हा करत होता. १९३५ ला याच टीमच्या जुनाट अल्फानं हिटलरच्या जर्मनीत, नुर्बुर्गरिंगवर, मर्सिडीज आणि ऑटो युनियनला हरवलं. गाडी चालवत होता ताझिओ नुव्होलारी.

पुढं अल्फानं रेसिंग परत स्वतःकडं घेतलं. एन्झोचं वरिष्ठांशी पटेना आणि १९३९ ला तो बाहेर पडला. पण जाताना एक अट गळ्यात पडली, चार वर्षं फेरारी या नावानं रेसमध्ये उतरायचं नाही. म्हणजे स्वतःचंच नाव वापरायला बंदी. तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं. त्यानं मशिनरी बनवायचं काम घेतलं आणि १९४३ ला कारखाना मोदेनातून जवळच्या मारानेल्लो गावी हलवला. तिथंही बॉम्ब पडलेच. कारखाना परत उभा केला आणि १९४७ ला फेरारी नावाची पहिली गाडी बाहेर आली, १२५ एस. दीड लिटरच्या छोट्या इंजिनात तब्बल १२ सिलिंडर. पहिल्याच रेसमध्ये आघाडीवर असताना फ्यूएल पंपानं दगा दिला. दोन आठवड्यांनी रोममध्ये ती जिंकली.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये फेरारीनं आणखी एक रेस जिंकली, तुरिनच्या व्हॅलेंटिनो पार्कमध्ये. रेस संपल्यावर एन्झो त्याच बाकावर जाऊन बसला आणि परत रडला. २९ वर्षांनी.

फेरारीचा धंदा समजून घ्यायचा असेल तर एक गोष्ट डोक्यात पक्की करावी लागते. बाकी कंपन्या गाड्या विकल्या जाव्यात म्हणून रेसमध्ये उतरतात. एन्झो रेससाठी पैसे हवेत म्हणून गाड्या विकायचा. ज्यांना तो गाड्या विकायचा त्या राजेरजवाड्यांविषयी, फिल्मस्टारविषयी त्याला फारसं प्रेम नव्हतं. इंजिन जीव ओतून बनवायचं, बॉडी पिनिनफारिनासारख्या कारागिरांकडून करून घ्यायची आणि मागणीपेक्षा कमीच गाड्या बनवायच्या. गिऱ्हाईक ताटकळलं की किंमत आपोआप वाढते. असं सांगतात की फेरुच्चो लॅम्बोर्गिनी नावाचा ट्रॅक्टरवाला आपल्या फेरारीच्या क्लचची तक्रार घेऊन गेला आणि एन्झोनं त्याला उडवून लावलं. किती खरं, किती रंगवलेलं, देव जाणे, पण १९६३ ला लॅम्बोर्गिनीनं स्वतःच्या कार काढल्या हे मात्र खरंय.

इथपर्यंतची स्टोरी रीलवर टाकण्यासारखी आहे. यापुढची नाही.

१९५६ च्या जूनमध्ये एन्झोचा मुलगा दिनो गेला. वय २४. स्नायू हळूहळू निकामी करणारा मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार त्याला होता. त्यानंतर काळा गॉगल एन्झोच्या डोळ्यांवरून क्वचितच उतरला. रोज सकाळी आधी दिनोच्या कबरीवर जायचं आणि मग कारखान्यात, हा नेम त्यानं वर्षानुवर्षं पाळला. दिनोला ज्यात रस होता त्या सहा सिलिंडरच्या इंजिनाला त्याचंच नाव मिळालं. पुढं दिनो नावाची गाडीही निघाली.

पुढच्याच वर्षी, १२ मे १९५७. मिले मिलिया ही इटलीच्या साध्या रस्त्यांवरून धावणारी हजार मैलांची रेस. ग्विदिझ्झोलो गावाजवळ अल्फोन्सो दे पोर्तागोच्या फेरारीचा टायर फुटला आणि गाडी गर्दीत घुसली. तो गेला, त्याचा साथीदार गेला आणि रस्त्याकडेला उभे असलेले नऊ जण गेले, त्यात पाच लहान मुलं. मिले मिलियाची स्पर्धा कायमची बंद झाली. एन्झोवर मनुष्यवधाचा खटला भरला गेला, पासपोर्ट जप्त झाला आणि निर्दोष सुटायला १९६१ उजाडलं.

आणि हा काही एकटा अपघात नव्हता. कास्तेल्लोत्ती, मुस्सो, कॉलिन्स, फेरारीचे ड्रायव्हर एकामागून एक मरत होते. १९६१ ला मोंझाला फॉन ट्रिप्सची गाडी उडाली, त्याच्यासोबत १५ प्रेक्षक गेले. व्हॅटिकनच्या वर्तमानपत्रानं एन्झोची तुलना स्वतःची मुलं गिळणाऱ्या सॅटर्न देवाशी केली होती. कोर्टानं सोडलं म्हणून हा प्रश्न संपत नाही. ड्रायव्हरांना एकमेकांविरुद्ध झुंजवत ठेवायचं, कोणाची जागा पक्की आहे हे कळूच द्यायचं नाही, ही त्याची पद्धत सगळ्यांना माहीत होती. स्वतः मात्र तो रेस बघायला क्वचितच जायचा. मारानेल्लोत बसून फोनची वाट बघायचा. या माणसाला नुसतं जिद्दीचं उदाहरण म्हणून फॉरवर्ड करणाऱ्यांनी ग्विदिझ्झोलोच्या त्या पाच मुलांचा विचार करावा, असं आपल्याला वाटतं.

घरातही सगळं सरळ नव्हतं. लिना लार्दी या बाईपासून त्याला १९४५ ला पिएरो हा मुलगा झाला होता. इटलीत १९७० पर्यंत घटस्फोटाचा कायदाच नव्हता. १९७८ ला बायको लॉरा वारल्यावरच पिएरोला उघडपणे फेरारी हे नाव मिळालं. तोवर तो तिशी ओलांडून गेला होता.

आता धंद्याकडं परत येऊ. रेसिंगचा खर्च वाढत चालला होता आणि गाड्या विकून तो भागेना. १९६३ ला अमेरिकेची फोर्ड कंपनी फेरारी विकत घ्यायला आली. हिशेब झाले, कागद तयार झाले. एन्झोनं करार वाचला आणि एका कलमावर अडला. ठरल्यापेक्षा जास्त पैसा रेसिंगवर घालायचा तर फोर्डची परवानगी लागणार होती. व्यवहार तिथंच मोडला. चिडलेल्या हेन्री फोर्ड द्वितीयनं फेरारीला हरवायला जीटी४० बनवायला लावली. १९६० पासून सलग सहा वर्षं ल मां जिंकणाऱ्या फेरारीला फोर्डनं १९६६ ला हरवलं, तेही पहिले तिन्ही नंबर घेऊन. २०१९ चा तो हॉलिवूड पिक्चर याच भांडणावर आहे.

फोर्डला नाही म्हटलं, पण पैशाचा प्रश्न तसाच होता. १९६९ ला एन्झो परत तुरिनला गेला आणि फियाटच्या जान्नी आन्येल्लीशी बोलणी केली. फियाटनं ५० टक्के हिस्सा घेतला. यावेळी वाटणी एन्झोच्या मनासारखी होती, रस्त्यावरच्या गाड्यांचा कारभार फियाट बघणार आणि रेसिंगमध्ये शेवटचा शब्द त्याचा. १९१८ ला शिफारसपत्र परत करणाऱ्या कंपनीच्या पैशावर त्याची रेसिंग टीम जगली. निकी लाउडानं १९७५ आणि १९७७ ला वर्ल्ड चॅम्पियनशिप आणली ती याच पैशावर.

एन्झोनं मंजुरी दिलेली शेवटची गाडी एफ४०, कंपनीच्या चाळिशीनिमित्त १९८७ ला आलेली. १४ ऑगस्ट १९८८ ला, वयाच्या नव्वदीत, तो मोदेनात वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे दफन उरकल्यावरच जगाला बातमी दिली गेली. फियाटचा हिस्सा ९० टक्क्यांवर गेला, १० टक्के पिएरोकडं राहिले. सचिनच्या गाडीची ड्युटी फियाटनं भरली ती म्हणूनच.

२०१५ ला फेरारीचे शेअर न्यूयॉर्क शेअर बाजारात आले आणि त्यानंतर कंपनी फियाटपासून वेगळी झाली. २०२४ ला फेरारीनं जगभरात १३,७५२ गाड्या विकल्या. एवढ्या गाड्या आपली सगळ्यात मोठी कार कंपनी दोनचार दिवसांत विकते.

एन्झो गेला त्या १९८८ च्या मोसमात फॉर्म्युला वनच्या १६ रेस झाल्या. त्यातल्या १५ मॅक्लारेननं जिंकल्या. उरलेली एक ११ सप्टेंबरची, इटलीतल्या मोंझाची, एन्झो गेल्यावर चार आठवड्यांनी. पुढं असलेला सेन्ना शेवटाकडं मागच्या एका गाडीला ओलांडताना धडकला आणि बाहेर गेला. पहिला आला बर्गर, दुसरा आल्बोरेतो. दोघंही फेरारीत.