गाडगेबाबांचे बारशाचे जेवण



१८७६ साली अमरावती जिल्ह्यात परिटाच्या घरी डेबूजीचा जन्म झाला. दारूच्या व्यसनापायी वडील झिंगराजी अकाली गेले. आई सखुबाईने लहानग्याला माहेरी दापुऱ्याला नेले. तेथे त्याने गुरे राखली, शेती केली. पुढे मुलगी झाली. बारशाला दारू-मटण वाढायची जातीची रीत होती. डेबूजीने गोडाचे जेवण घातले. नातलग रागावले, पण तो डगमगला नाही. १९०५ साली घर सोडून तो गाडगेबाबा झाला. २० डिसेंबर १९५६ रोजी निधन होईपर्यंत बाबांनी हाती खराटा धरला आणि कीर्तनातून लोकांना दारू सोडायला विनवले.

आपली ख्रिस्तसभा मद्याला पाप म्हणत नाही. काना गावच्या लग्नात प्रभूने पाण्याचा द्राक्षारस केला. पाप आहे ते अतिरेकात. म्हणून बेताने घेणाऱ्याला दोष देऊ नये. पण आपल्या पिण्याने दुर्बळ भाऊ अडखळत असेल, तर न पिणे हीच प्रीती, असे संत पौल शिकवतो. आपल्या पंगतीतही एखादा झिंगराजी बसलेला असतो. महाड-पोलादपूरच्या आपल्या घरांत बाप्तिस्म्याचे जेवण ठरवताना त्याची आणि त्याच्या लेकराची आठवण ठेवू या.

आपला धर्मगुरू