विश्लेषण : पोलादातले तडे शोधणारे यंत्र हृदयापर्यंत कसे पोहोचले? ‘इको’चे जनक इंगे एडलर कोण होते?

गडचिरोलीच्या ८६ गावांत ‘सर्च’ संस्थेने मृत्यूंच्या कारणांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर सात मृत्यूंपैकी एक पक्षाघाताचा निघाला. पक्षाघाताचे एक कारण ‘एट्रियल फिब्रिलेशन’. यात हृदयाचे वरचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरतात, रक्त साचून गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊ शकते. ठोके बिघडल्याचे ईसीजीत दिसते. झडप बिघडली आहे का, हे ‘इको’त. ही तपासणी स्वीडनच्या डॉ. इंगे एडलर यांची देणगी.

एडलर यांची अडचण काय होती?

१९११ मध्ये जन्मलेले एडलर लुंडच्या रुग्णालयात हृदयरोग्यांवर उपचार करत. रुमॅटिक तापाने अरुंद झालेली माइट्रल झडप शस्त्रक्रियेने मोकळी करता येऊ लागली होती. पण झडप अरुंद आहे की गळकी, हे आधी खात्रीने कळत नसे. गळकी असेल तर हीच शस्त्रक्रिया घातक.

एडलर यांनी भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांना गाठले. (कंपनसंख्येच्या एककाला ज्यांचे नाव आहे, त्याच घराण्यातले.) माल्मोच्या जहाज कारखान्यात धातूतले तडे शोधणारे अल्ट्रासाउंड यंत्र होते. ते शनिवार-रविवारपुरते उसने आणले. हर्ट्झ यांनी ते स्वतःच्या छातीवर लावले, तर पडद्यावर हलणारा प्रतिध्वनी! पुढे सीमेन्सचे यंत्र मिळाले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाची पहिली नोंद झाली.

गंमत म्हणजे, ठळक प्रतिध्वनी कप्प्याच्या भिंतीचा, असे एडलर यांना आधी वाटले. मृतदेहांवर पडताळल्यावर कळले की तो माइट्रल झडपेचाच आहे. ज्याच्या शोधात ते होते, ते समोरच होते.

१९७७ मध्ये दोघांना लास्कर पुरस्कार मिळाला, नोबेल नाही. एडलर २००१ मध्ये ८९ व्या वर्षी गेले.

आज याचा उपयोग काय?

औषध ठरवण्यासाठी. झडप बरीच अरुंद असेल, तर रक्त पातळ ठेवायला जुने वॉरफरिनच देतात. २०२२ च्या ‘इन्व्हिक्टस’ चाचणीत, रुमॅटिक हृदयविकाराच्या रुग्णांत, ते नव्या रिव्हरोक्साबॅनपेक्षा सरस ठरले. मात्र त्यासाठी वारंवार ‘आयएनआर’ रक्ततपासणी लागते. भामरागड किंवा सिरोंचाच्या रुग्णाला ती कुठे आणि किती दिवसांनी करता येईल, हे चिठ्ठी लिहितानाच पाहावे लागते.

छातीवरून केलेल्या इकोत डाव्या कप्प्याच्या कोपऱ्यातली गुठळी अनेकदा दिसत नाही. तिच्यासाठी अन्ननलिकेतून नळी घालून इको करावा लागतो.