पाखरांसाठी शेत राखणाऱ्या मातोश्री
चौंडीच्या माणकोजी शिंद्यांची लेक अहिल्या होळकरांची सून झाली. १७५४ साली कुंभेरला पती खंडेराव पडले; १७६६ मध्ये सासरे मल्हारराव आणि पुढच्याच वर्षी पुत्र मालेराव गेले. मातोश्रींनी राज्य सांभाळले, महेश्वरी विणकर आणून वसवले; तिथली माहेश्वरी साडी आजही आपल्या घरांत आहे. नांगराच्या बैलांना त्यांचे सेवक शेतात जाऊन पाणी पाजीत. इतरांनी हाकललेल्या पाखरांसाठी त्यांनी पिकाची शेते विकत घेऊन मोकळी सोडली.

पुढे नातू नथोबा गेला, जावई गेले. आईने विनवूनही मुक्ताबाई सती गेली. घर रिकामे झाले, तरी कारभार आणि दानधर्म थांबला नाही. १३ ऑगस्ट १७९५ रोजी मातोश्रींनी देह ठेवला. त्यांचे स्मरण म्हणून अंगणात मूठभर दाणे टाकूया.