विमा गहाण टाकून आणलेला कॅमेरा दादरच्या घरात आला, आणि त्यातून सगळ्यात आधी शूट झाली गल्लीतली पोरं अन् कुंडीतला वाटाणा

घरात नवा कॅमेरा घ्यायचा म्हटलं की चर्चा रंगते. बजेट किती, कोणत्या कंपनीचा घ्यायचा, फोनचा कॅमेरा असताना वेगळा कशाला, असे सगळे प्रश्न येतात. शेवटी पोरांचे चार चांगले फोटो निघतील म्हणून घरातलं कुणीतरी तयार होतं आणि विषय संपतो.

पण एका घरात हा विषय विमा पॉलिसी गहाण टाकण्यापर्यंत गेला होता. वर्ष होतं १९१२. घरातल्या कर्त्या माणसाला नोकरी नव्हती, भागीदारीतला धंदा सुटला होता, डोळे नुकतेच कसेबसे वाचले होते, आणि हा गडी कॅमेरा आणायला थेट लंडनला निघाला होता.

हे होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके.

त्यांनी भारतातला पहिला पूर्ण लांबीचा कथापट काढला हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण तो कॅमेरा घरात कसा आला आणि घरातल्यांनी त्यासाठी काय काय केलं, हा भाग तितकासा सांगितला जात नाही.

कॅमेऱ्याचा नाद जुनाच होता

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यांना मुंबईच्या विल्सन कॉलेजात शिकवण्याचं काम मिळालं आणि कुटुंब मुंबईत आलं. १८८५ मध्ये धुंडिराज जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. तिथे चित्रकला झाली, मूर्तिकाम झालं, वास्तुकला झाली.

१८९० च्या सुमारास त्यांनी पहिला कॅमेरा घेतला. हा साधा फोटो काढायचा कॅमेरा. कलाभवनचे प्राचार्य गज्जर यांनी पोरातला किडा ओळखला आणि त्यांना ब्लॉक बनवणं, छपाई, डार्करूमची कामं शिकण्यासाठी रतलामला पाठवलं. रसायनं कशी मिसळायची, काच कशी धुवायची, अंधारात हात कसा चालवायचा हे सगळं फाळके तेव्हा शिकले. पुढे वीस वर्षांनी हेच त्यांच्या कामाला आलं.

शिकून झाल्यावर त्यांनी गुजरातमधल्या गोध्रा इथे फोटोग्राफीचा व्यवसाय मांडला. बायको होती, मूल होतं, संसार उभा राहत होता.

आणि प्लेगची साथ आली. १९०० मध्ये या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघंही गेले. वयाच्या तिशीत माणूस एकटा पडला.

ते पुन्हा बडोद्याला आले. तिथे वेगळीच अडचण. फोटो काढला की अंगातली शक्ती निघून जाते आणि माणूस लवकर मरतो, अशी समजूत लोकांत होती. प्लेगने घराघरांत माणसं गेलेल्या त्या काळात कोण कॅमेऱ्यासमोर बसणार? धंदा बसला.

मग फाळके एका जर्मन जादूगाराकडून जादू शिकले. स्वतःचं आडनाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने त्यांनी प्रयोग केले. डोळ्याला फसवायची ही कला त्यांना नंतर पडद्यावर उपयोगी पडली.

सरस्वतीबाई घरात आल्या

१९०२ मध्ये फाळक्यांचं दुसरं लग्न झालं. मुलगी करंदीकरांच्या घरातली, किर्लोस्कर नाटक मंडळीच्या मालकांच्या नात्यातली. सासरचं नाव सरस्वती.

१९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात फोटोग्राफर आणि ड्राफ्ट्समनची सरकारी नोकरी लागली. महिन्याला पगार येणार, म्हणजे आता तरी गाडी रुळावर आली असं कुणालाही वाटलं असतं. पण स्वदेशीच्या वाऱ्यात १९०६ मध्ये फाळक्यांनी ती सोडली.

लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईशी संबंधित कामं केली. नंतर छापखाना दादरला आला, भागीदार बदलले, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स असं नाव झालं. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं बघायला ते जर्मनीला जाऊन आले. कामाचं नाव झालं, पण भागीदारांशी पटलं नाही आणि फाळके बाहेर पडले.

वय चाळीस, घरात लहान मुलं, हाताला काम नाही. आणि नेमका तेव्हाच सिनेमा आडवा आला.

एप्रिल १९११, गिरगाव

मुंबईला हलती चित्रं तशी नवी नव्हती. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या फिल्म दाखवल्या गेल्या होत्या. ते बघून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, यांनी विलायतेतून कॅमेरा मागवला होता आणि १८९९ मध्ये हँगिंग गार्डनला झालेली कुस्ती शूट केली होती. म्हणजे कॅमेरा मुंबईत आला होता, पण त्याने अख्खी गोष्ट सांगायचं कुणी मनावर घेतलं नव्हतं.

१४ एप्रिल १९११ ला फाळके थोरल्या भालचंद्रला घेऊन गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर प्राणी चालत होते. पोरगं घरी आलं आणि आईला सांगू लागलं, पण घरात कुणाचा विश्वास बसेना.

म्हणून दुसऱ्या दिवशी फाळके सगळ्यांनाच घेऊन गेले. ईस्टरचे दिवस होते, त्यामुळे प्राण्यांच्या जागी येशू ख्रिस्ताच्या आयुष्यावरचा चित्रपट लागला होता. तो बघताना फाळक्यांच्या डोक्यात राम आणि कृष्ण फिरू लागले. आपले देव पडद्यावर कधी येणार, हा प्रश्न डोक्यात बसला तो बसलाच.

त्यानंतर रोज चार-चार, पाच-पाच तास सिनेमे बघायचे आणि घरी येऊन डोकं खपवायचं, असं सुरू झालं. एक छोटा कॅमेरा आणि रिळं मिळवली. मेणबत्तीचा उजेड भिंगातून सोडून भिंतीवर चित्रं उमटवून झाली. झोप कमी, डोळ्यांवर ताण जास्त. शेवटी दिसेनासं झालं.

फोटोग्राफरचे डोळे जाणं म्हणजे सगळंच जाणं. डॉ. प्रभाकर यांच्या उपचारांनी आणि एकावर एक लावलेल्या चष्म्यांनी दृष्टी परत आली. बरं वाटल्यावर माणूस शहाणा होईल असं घरच्यांना वाटलं असेल, तर ते चुकलं. फाळक्यांनी लंडनचा बेत नक्की केला.

पैसे कुठून आणणार? स्वतःच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार रुपये कर्ज काढलं. म्हणजे या माणसाला काही झालं तर बायकापोरांना जे मिळणार होतं, तेच पणाला लागलं.

कॅमेरा निवडला कसा?

१ फेब्रुवारी १९१२ ला फाळके बोटीने निघाले. लंडनमध्ये त्यांची ओळख म्हणावी अशी एकच, ती म्हणजे बायोस्कोप नावाच्या साप्ताहिकाची. ते मुंबईत हा अंक वाचायचे. थेट संपादकांच्या कचेरीत गेले. संपादकांनी आधी त्यांना समजावलं की इंग्लंडातलेच निर्माते बुडतायत आणि हिंदुस्थानची हवा या धंद्याला मानवणार नाही. हा माणूस ऐकत नाही म्हटल्यावर त्यांनीच निर्माते सेसिल हेपवर्थ यांची गाठ घालून दिली. हेपवर्थनी १८९७ मध्येच हलत्या चित्रांच्या तंत्रावर पुस्तक लिहिलं होतं. वॉल्टन इथल्या त्यांच्या स्टुडिओत फाळक्यांना सगळी कामं जवळून बघता आली.

या दोघांच्या सल्ल्याने खरेदी झाली. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा, किंमत ५० पाउंड. हाताने दांडा फिरवायचा, आत फिल्म सरकत राहायची. सोबत कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडायचं यंत्र.

हे भोकांचं यंत्र का? फिल्मच्या दोन्ही कडांना बारीक भोकं असतात, त्यात कॅमेऱ्यातले दाते अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. तेव्हा कच्ची फिल्म भोकांशिवाय मिळायची. म्हणजे नुसता कॅमेरा घेऊन उपयोग नव्हता, अख्खा कारखानाच घरी न्यायचा होता.

घर झालं कारखाना

१ एप्रिल १९१२ ला फाळके परतले आणि कुटुंब दादरला मथुरा भवनात राहायला गेलं. कुर्ल्याहून स्लो लोकल पकडली तर शीव, माटुंगा आणि तिसरं स्टेशन दादर. तिथे पूर्वेला आज ज्या रस्त्याला दादासाहेब फाळक्यांचं नाव आहे, त्याच रस्त्यावर हे घर होतं.

मे महिन्यात कॅमेऱ्याच्या पेट्या आल्या. सोबतच्या आकृत्या बघत चार दिवसांत जुळणी झाली. पहिली चाचणी कुणावर घेतली? आजूबाजूच्या पोरांवर. नवा कॅमेरा घरी आल्यावर सगळे जे करतात, तेच फाळक्यांनी केलं.

चित्रं उमटली. पण पोरांची चित्रं दाखवून सावकार थोडाच पैसे देणार? म्हणून फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर ठेवला आणि महिनाभर रोज थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर लावलं तेव्हा अंकुर फुटून त्याचा वेल होताना मिनिटभरात दिसला. कॅमेरा काळालाही आवळू शकतो, हे मुंबईतल्या एका घरात कुंडीभर मातीत सिद्ध झालं. 'अंकुराची वाढ' नावाची ही फिल्म बघून कर्ज देणारे तयार झाले.

तरीही पैसे कमी पडत होते. तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने दिले.

पण त्यांचं काम दागिने देऊन संपलं नाही. फिल्मला भोकं पाडायचं काम त्यांच्याकडे होतं आणि तेही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. हिशोब करून बघा. एका फुटात १६ फ्रेम, प्रत्येक फ्रेमला दोन्ही बाजूंना चार-चार भोकं. म्हणजे फुटाला १२८. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी होती ३७०० फूट. नुसत्या तयार चित्रपटाचीच भोकं होतात ४ लाख ७३ हजार ६००.

दिवसा याच बाई उन्हात पांढरी चादर धरून तासन् तास उभ्या राहायच्या, कारण नटाच्या चेहऱ्यावर उजेड परतवायला दुसरं साधन नव्हतं. रसायनं मिसळायची तर त्यांनीच, आणि कंपनीतल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करायचा तोही त्यांनीच. तारामतीची भूमिका करायला बाई मिळेना, तेव्हा फाळक्यांनी त्यांनाही विचारलं होतं. हातातली कामं बघून त्यांनी नकार दिला. शेवटी ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. हरिश्चंद्र झाले दत्तात्रय दाबके आणि राजपुत्र रोहिदास झाला घरचाच भालचंद्र.

फाळके दिग्दर्शनात गुंतणार म्हणून त्यांनी मित्र त्र्यंबक तेलंग यांना कॅमेरा चालवायला शिकवलं. सेकंदाला साधारण एक फूट फिल्म जायची. प्रत्येक सेकंद विलायतेहून विकत आणलेला, त्यामुळे दांडा फिरवणाऱ्या हाताला चुकायची मुभा नव्हती.

बाहेरचं चित्रण वांगणीला झालं. ढाली-तलवारी घेतलेली माणसं बघून गावकऱ्यांना दरोडेखोर वाटले आणि पोलिसांनी कंपनीलाच ताब्यात घेतलं. फाळक्यांनी कॅमेरा दाखवून सगळा प्रकार समजावला, तेव्हा सुटका झाली.

सहा महिने २७ दिवसांत काम संपलं. २१ एप्रिल १९१३ ला ऑलिंपिया थिएटरमध्ये खास खेळ झाला आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लोकांसाठी लागला. लोकांनी गर्दी केली. कर्ज देणाऱ्यांचा आणि घरच्यांचा, दोघांचाही जीव भांड्यात पडला.

पुढे काय झालं?

फाळक्यांनी मुक्काम नाशिकला हलवला. १९१७ मध्ये 'लंकादहन' आला आणि तुफान चालला. १९१८ मध्ये हिंदुस्थान फिल्म्स ही भागीदारीतली कंपनी सुरू झाली.

१९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बाळकृष्णाचं काम केलं त्यांच्या मुलीने, मंदाकिनीने. चित्रपट सुरू होतो तो तिच्या चेहऱ्याने. आधी ती साध्या मुलीसारखी समोर येते, वेगवेगळे भाव दाखवते आणि बघता बघता तिचा कृष्ण होतो. पौराणिक चित्रपटाच्या सुरुवातीला एका बापाने आपल्या पोरीचं कौतुक जपून ठेवलंय, आणि शंभर वर्षांनंतरही ते बघता येतं.

भागीदारांशी मात्र पुन्हा बिनसलं. रुसून फाळके काशीला गेले, परत आले, चित्रपट काढत राहिले. मग बोलपट आला आणि मूकपटांचं जग मागे पडलं. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा शेवटचा चित्रपट आणि एकमेव बोलपट. १६ फेब्रुवारी १९४४ ला नाशिकमध्ये ते गेले, तेव्हा हाताशी फारसा पैसा नव्हता.

१९६९ पासून त्यांच्या नावाने देशातला चित्रपट क्षेत्रातला सर्वोच्च पुरस्कार दिला जातो. गोरेगावच्या चित्रनगरीलाही त्यांचंच नाव आहे. सरस्वतीबाईंचं नाव मात्र अजूनही सांगावं लागतं.

भारतीय सिनेमाची सुरुवात ३ मे १९१३ ला झाली असं पुस्तकं सांगतात, आणि ते बरोबरच आहे. पण त्याच्या आधी दादरच्या घरात रात्री दिवा मालवून एक बाई लाखो भोकं पाडत बसली होती, तेव्हा कुठे त्या कॅमेऱ्यातून फिल्म पुढे सरकली.