सर्पगंधेचे डॉ. रुस्तम जाल वकील आणि स्किझोफ्रेनियाच्या गोळ्या

या गोळ्यांऐवजी एखादी जडीबुटी चालणार नाही का, असं भंडाऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात स्किझोफ्रेनियाच्या पेशंटचे नातेवाईक हमखास विचारतात. तुमच्याही मनात हे असेल, तर मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांची हकीकत वाचा.

वकील १९११ साली जन्मले. लंडनला शिकून परतलेला हा पारशी हृदयरोगतज्ज्ञ वैद्यांच्या सर्पगंधेकडे वळला. कोलकात्याच्या सेन आणि बोस या डॉक्टरांनी १९३१ मध्येच लिहिलं होतं, की या मुळीने बीपी उतरतं आणि वेडाचा झटकाही शांत होतो. वकिलांनी ती बीपीच्या ५० पेशंटना दिली, प्रत्येकाचं बीपी पुन्हापुन्हा मोजलं आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आकडे छापले. मग जग जागं झालं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉ. क्लाइन यांनी ते स्किझोफ्रेनियात वापरल्याचा अहवाल दिला, आणि बऱ्याच पेशंटना गुण आला होता.

१९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी तो क्लाइन यांना आणि क्लोरप्रोमझिन या नव्या गोळीवर काम करणाऱ्यांनाही मिळाला. पुढे टिकली ती दुसरी गोळी. रेसर्पिनचा गुण उशिरा यायचा, बीपी फार उतरायचं, काहींना नैराश्य यायचं. म्हणजे जडीबुटी वापरून झाली आहे, मोजून झाली आहे, आणि तिच्याहून चांगलं औषध मिळालं म्हणून मागे पडली. आपल्याकडे हे कुणी सांगतच नाही!

आजच्या गोळ्यांचंही असंच मोजमाप झालंय. बरं वाटू लागलेल्या १०० पेशंटपैकी गोळ्या चालू ठेवणाऱ्या साधारण २७ जणांना वर्षभरात आजार उलटतो, बंद करणाऱ्यांत ६४ जणांना. सगळ्यांना गुण येतो असं नाही. वजन वाढतं, हात थरथरतात, सुस्ती येते. अशा वेळी डोस किंवा गोळी बदलता येते. दोन गोळ्या पुरेशा डोसने देऊनही फरक नसेल, तर क्लोझापिन आहे, पण त्यात रक्ताची तपासणी नियमित लागते.

वकील १९७४ मध्ये गेले. घरी गोळ्यांसोबत सर्पगंधेचं चूर्ण चालू असेल तर आम्हाला सांगा. रागावणार नाही. दोन्हींनी मिळून बीपी एकदम उतरू शकतं, म्हणून पेशंटला खुर्चीवर बसवून आणि उभं करून, दोन्ही वेळा ते मोजावं लागतं.